थांबा: पेण आणि रोह्यात एक दिवस

हेडफोन लावलेत? लोकल मध्ये असाल तर दाराजवळून जरा आत या, मग ऐका. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग इथे लिहून ठेवलाय. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच.

आधी एक प्रश्न. तुम्ही पेणवरून किती वेळा गेलात? गोव्याला जाताना, अलिबागला जाताना, गणपतीत गावी जाताना. मोजा. आता दुसरा प्रश्न. पेणला किती वेळा उतरलात?

माझं उत्तर परवापर्यंत शून्य होतं. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट ही, की माझ्या आजीचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. आईची आई. ती गेली त्याला चार वर्षं झाली. तिच्या माहेरच्या जमिनीत तिचा हिस्सा होता, तो वारसाने आईकडे आला. सातबाऱ्यावर बाकी वारसांबरोबर आईचंही नाव लागलं. मग मामाचा, म्हणजे आईच्या मामेभावाचा फोन आला: जमिनीला गिऱ्हाईक आलंय, सगळ्यांनी विकायचं ठरवलंय, ताईची संमती हवी. मला एका कामासाठी रत्नागिरीला जायचंच होतं. आई म्हणाली, "तू जातेच आहेस त्या वाटेने, तर पेणला उतर, हा सही केलेला कागद मामाला दे आणि पुढे जा."

'उतर, दे आणि पुढे जा.' पेणबद्दल आपल्या सगळ्यांचा प्लॅन एवढाच असतो. रत्नागिरीची गाडी मला रात्री रोह्याहून मिळणार होती. म्हणजे हातात एक आख्खा दिवस आणि दोन गावं. त्या दिवसाचा हा एपिसोड.

नावातच मुक्काम

पनवेलहून पॅसेंजर पकडली. श्रावणातला पाऊस, खिडकीबाहेर पोपटी भात, आपटा, जिते, हमरापूर, मग पेण. हमरापूर आलं की ओळखायचं, गणपतीचं राज्य सुरू झालं. आसपासच्या गावांमध्ये घरोघरी पत्र्याच्या शेड आणि शेडमध्ये रांगेने पांढरे, बिनरंगाचे गणपती.

आता शब्दाची गंमत. जुन्या मराठीत 'पेणे' असा एक शब्द आहे. अर्थ काय? प्रवासातला मुक्काम, टप्पा, दमलेल्या माणसाने टेकायची जागा. पेण म्हटलं की मला त्यात तो शब्द ऐकू येतो. कारण हे गाव शेकडो वर्षं नेमकं तेच काम करत होतं.

कसं ते बघा. डोळ्यांसमोर नकाशा आणा. एका बाजूला मुंबईचा समुद्र आणि धरमतरची खाडी. दुसऱ्या बाजूला सह्याद्री आणि बोरघाट, वर गेलं की पुणे, देश. मधे पेण. गावातून भोगावती नदी वाहते आणि खाडीला मिळते. तिच्यावरचं अंतोरे हे पेणचं बंदर. गलबतं इथपर्यंत यायची. पुढे पाणी संपलं की माल बैलांच्या पाठीवर. वणजाऱ्यांचे तांडे इथलं मीठ आणि भात घेऊन घाट चढायचे आणि वरून धान्य घेऊन उतरायचे. म्हणजे पाण्याचा प्रवास संपतो आणि पायाचा सुरू होतो, त्या सांध्यावर पेण उभं होतं. असा सांधा जिथे असतो तिथे माणसाला थांबावंच लागतं. बैल बदलायचे, माल उतरवायचा, भरतीची वाट बघायची. थांबलं की जेवण लागतं, झोपायला ओसरी लागते, उधारी लागते, बाजार लागतो. गाव असंच मोठं होतं.

मग काय झालं? आगगाडी आली. पण पेणला नाही. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. पुढच्या दहा वर्षांत, 1863 पर्यंत, रेल्वे बोरघाट चढून वर गेली. पण ती गेली कर्जत मार्गे. मिठाचा बैल पेणमधून जायचा, मिठाची वाघीण जायचं कारण उरलं नाही. रोह्यापर्यंत रूळ पोचायला 1986 उजाडलं. गणित करा: 133 वर्षं! मुंबईच्या एवढ्या जवळ असून. तोवर इथल्या माणसाला मुंबई गाठायची तर धरमतरला जाऊन लाँच पकडायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. आजी तसंच सांगायची. तिच्यासाठी मुंबई 'पलीकडे' होती. नदीच्या पलीकडे म्हणतो ना, तसं.

मामा दुपारी येणार होता, म्हणून मी आधी गणपतीच्या एका कारखान्यात गेले. हो, इथे 'वर्कशॉप' नाही म्हणत, 'कारखाना' म्हणतात. लोकमान्य टिळकांनी 1893 च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला, घरगुती गणपती तर आधीपासून होतेच. मुंबई-पुण्याची मागणी वाढत गेली आणि पेणच्या हातांना काम मिळालं. आज इथून मूर्ती देशभर जातातच, पण परदेशातल्या मराठी घरांसाठी त्या कितीतरी महिने आधी बोटीने निघतात. अमेरिकेतल्या गणपतीचा प्रवास आपला पावसाळा सुरू व्हायच्या आधीच झालेला असतो.

कारखान्यात एक ताई मूर्तीच्या डोळ्यांपाशी बसल्या होत्या. बारीक ब्रश, श्वास रोखलेला. याला 'आखणी' म्हणतात. मी विचारलं, "एका डोळ्याला किती वेळ लागतो?" त्या म्हणाल्या, "हात बसला की मिनिट पण नाही. पण हात बसायला वर्षं लागतात." मग हसून म्हणाल्या, "बोलू नको मधे, तिरळा होईल." मी गप्प. बाजूला कच्च्या मूर्तींचा टेम्पो भरत होता. कच्च्या म्हणजे न रंगवलेल्या. त्या दुसऱ्या गावी जाऊन रंगतात आणि तिथल्या दुकानाच्या नावाने विकल्या जातात. तुमच्या घरचा गणपती 'आमच्या नाक्यावरचा' असेल, पण त्याचं जन्मगाव पेण असू शकतं.

समुद्राला सांगितलेलं 'थांब'

दुपारी मामा आला. "काय बाय, आलीस का?" मला त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा मी तिसरीत होते. मिनीडोरमध्ये कोंबून बसलो आणि खारेपाटाकडे निघालो.

खारेपाट म्हणजे काय, हे शहरातल्यांना समजावून सांगायला हवं. मलाही मामानेच समजावलं. ही जमीन मुळात समुद्राची. भरतीचं पाणी इथे येणार हा निसर्गाचा नियम. माणसांनी काय केलं, मातीचा बांध घातला. लांबच लांब, हाताने, टोपल्यांनी. बांधाच्या बाहेर खाडी, आत शेत. बांधात जागोजागी 'उघाडी', म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, भरतीला दार बंद, खारं पाणी आत येता कामा नये. पहिली काही वर्षं पावसाने मातीतलं मीठ धुऊन काढायचं, मग हळूहळू भात. खाऱ्या मातीत तग धरणारं भात. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, तिथे याच कामासाठी पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 अशा जाती तयार केल्या. आणि शेतातल्या तळ्यात जिताडा. तो खाल्ला नसेल तर तुम्ही कोकण अर्धंच खाल्लंय.

जुन्या काळी या बांधांची एक पूर्ण व्यवस्था होती. 'शिलोत्री' म्हणायचे. जो बांध घालेल आणि सांभाळेल, त्याला आतल्या शेतांमधून धान्याचा हिस्सा. म्हणजे बांध फुटला तर नुकसान सगळ्यांचं, पण जबाबदारी ठरलेली. पुढे ही व्यवस्था मोडत गेली आणि 1948 मध्ये मुंबई राज्याने खार जमिनींसाठी वेगळा कायदा केला.

आमची गाडी थांबली तिथून बांधावर चढलो. डावीकडे खाडी. उजवीकडे हिरवं भात. आणि थोडं पुढे गेल्यावर उजवीकडेही खाडीच. चिखल, साचलेलं पाणी, मधेच तिवरांची कंबरभर झाडं. मामा म्हणाला, "ती आपली."

मला आधी कळलंच नाही. आपली काय?

"जमीन. खांड गेली ना इथे, पाच वर्षं झाली." खांड जाणं म्हणजे बांधाला भगदाड पडणं. उधाणाचं पाणी आत शिरलं. वेळेत भरली नाही. दुसऱ्या वर्षी भगदाड मोठं झालं. मग तिवरं उगवली. तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी, कारण किनारा तीच राखतात. पण मामाच्या जागी उभं राहून बघा. तो म्हणाला, "आता कागदावर जमीन आपली, खरी समुद्राची. भात नाही, आणि बांध आत घ्यायचा तर पैसा नाही. विकू नको तर काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद पिशवीत होता. मी तो काढला नाही. का ते पुढे सांगते.

माणसांनी सांगितलेलं 'थांबा'

बांधावरून परतताना मी मामाला म्हटलं, इथल्या माणसांनी आयुष्यभर समुद्राशीच भांडण केलंय का? तो म्हणाला, "समुद्र परवडला. तो निदान वेळेवर येतो."

मग मी वाचलेलं आणि त्याने ऐकलेलं असं एकमेकांना सांगत बसलो. तेच तुम्हाला सांगते.

इथून वडखळला जाऊन अलिबागच्या रस्त्याला लागलं की पोयनाडजवळ चरी नावाचं गाव आहे. अलिबाग तालुक्यातलं, पण माती हीच, खारेपाटाचीच. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 मध्ये संप केला. कसला संप? शेती न करण्याचा! जमीन सावकारांची आणि खोतांची, कसणारी कुळं, आणि पिकातला निम्मा, कधी त्याहून मोठा वाटा मालकाचा. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, या अटींवर आम्ही नांगर धरणार नाही. आणि हा संप किती चालला असेल? आठवडा? महिना? 1939 पर्यंत. सहा वर्षं. मिळेल ती मजुरी करून, उपाशी राहून लोकांनी तो चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 1939 मध्ये मुंबई प्रांतात कुळांच्या हक्कांचा कायदा झाला. आज 'कूळ कायदा' हा शब्द आपण सहज वापरतो. त्याच्या मुळाशी या मातीत पडीक ठेवलेली सहा वर्षं आहेत.

विचार करा, शेतकऱ्याला पाऊस पडताना शेत रिकामं ठेवायला काय लागत असेल. जो माणूस समुद्राला मागे सारून एकेक वाफा मिळवतो, त्याने तो मुद्दाम ओसाड ठेवायचा.

दुसरी गोष्ट आपल्या जन्मानंतरची. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. साल 2008. महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, त्यासाठी पेण, उरण, पनवेल भागातल्या जमिनी घ्यायचं ठरलं होतं. पेणचे शेतकरी म्हणाले, आमची जमीन धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, पाणी आम्हाला द्या, जमीन आमच्याकडे ठेवा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते त्यांच्याबरोबर होते. शेवटी सरकारने 21 सप्टेंबर 2008 रोजी 22 गावांमध्ये चक्क मतदान घेतलं: जमीन द्यायची की नाही? शेतकऱ्याला प्रश्न विचारून कागदावर त्याचं उत्तर घ्यायचं, असं आपल्याकडे क्वचितच घडतं. बहुसंख्यांनी नाही म्हणून सांगितलं. सेझ काही तिथे आला नाही.

मामाने तेव्हा मत दिलं होतं. "काय दिलंत?" मी विचारलं. "नाही दिलं," तो म्हणाला. "म्हणजे मत दिलं, जमीन नाही दिली." आणि मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "तेव्हा नाही म्हणालो. आता मीच गिऱ्हाईक शोधतोय."

मी हे त्याला विचारून रेकॉर्ड केलंय. कारण इतिहासाच्या पुस्तकात 'शेतकऱ्यांनी विरोध केला' एवढंच येतं. पुढच्या वर्षीचं बियाणं, फुटलेला बांध, मुंबईला गेलेली मुलं, हे येत नाही. लढाई जिंकूनही जमीन जाऊ शकते. मोर्चाने नाही, झेंड्याने नाही, एका खांडीने.

गाडीतून मधेच उतरलेला मुलगा

संध्याकाळच्या आत पेणहून रोह्याची गाडी धरली. कासू, नागोठणे, निडी, रोहा. छोटासा प्रवास.

पेण तालुक्यातलंच गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. 11 सप्टेंबर 1895. त्यांची एक गोष्ट मला या प्रवासात फार आठवत होती. 1916 मध्ये वीस वर्षांचे विनोबा इंटरची परीक्षा द्यायला बडोद्याहून मुंबईला निघाले. सुरतला ते गाडीतून उतरले आणि परीक्षेऐवजी काशीला गेले. तिथून पुढे गांधीजी, आश्रम, आणि 1951 मध्ये पोचमपल्लीपासून भूदान: ज्यांच्याकडे जमीन जास्त आहे त्यांच्याकडून मागायची, ज्यांच्याकडे नाही त्यांना द्यायची. भारतातल्या जमिनीच्या इतिहासातलं एवढं मोठं पान, आणि त्याची सुरुवात काय? एक मुलगा ठरलेल्या स्टेशनाच्या आधी उतरला. (आई, हे ऐकत असशील तर मी परीक्षा देऊनच उतरले होते.)

नागोठण्याला गाडी थांबली. इथे अंबा नदी. गावाजवळ दगडी कमानींचा जुना पूल आहे, चौलच्या काझी अलाउद्दीनने 1582 च्या सुमारास बांधल्याचं सांगतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही पन्नासेक वर्षं आधी. आणि इंग्रजांच्या काळात नागोठणं हा साहेबांचा थांबा होता. मुंबईत उकाडा वाढला की साहेब आणि मडमा बोटीने खाडीतून नागोठण्याला यायच्या, इथे उतरून पालखीत किंवा गाडीत बसून महाड मार्गे महाबळेश्वर गाठायच्या. थोडक्यात, त्या काळातला फूड मॉल.

आज बाजूला मुंबई-गोवा महामार्ग आहे. त्यातल्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं, आणि पुढे कित्येक वर्षं त्यावरचे खड्डे आणि मीम दोन्ही आपण पाहिलेत. आपण त्या रस्त्याला शिव्या देतो, कारण तो आपल्याला 'थांबवतो'. थांबणं म्हणजे आता फक्त अडकणं उरलंय.

रोहा: जिथे रूळ संपायचे

रोह्याला पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. रात्रीच्या गाडीला बराच वेळ होता. बॅग पाठीला लावून नदीकडे गेले. कुंडलिका. एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, नगरपरिषद दोघांची एकच. नदी दुथडी भरलेली.

आता या पाण्याची गोष्ट ऐका, कारण तुमच्यातले निम्मे या पाण्यावर राफ्टिंग करून गेलेत. कोलाडला सकाळी राफ्टिंग असतं ना? ते पाणी येतं भिऱ्याच्या वीजकेंद्रातून. वीज बनवून झाली की पाणी सोडतात आणि ते कुंडलिकेतून येतं. वीजकेंद्र टाटांचं, 1927 पासूनचं. आणि तिथे पाणी कुठून येतं? सह्याद्रीच्या वरून, पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणातून.

मुळशी म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. पण 1921 मध्ये तिथे मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तीन वर्षं. धरणाखाली जाणारी घरं आणि शेतं वाचवण्यासाठी. तेव्हाही लोक हेच म्हणत होते: थांबा. पण तिथे कोणी थांबलं नाही. धरण झालं, मुंबईला वीज मिळाली, गिरण्या चालल्या. पाणी घाट उतरून या बाजूला आलं, डोळवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत गेलं आणि रोह्याच्या भागात शेती भिजली. धाटावची एमआयडीसी उभी राहिली. एका तालुक्याचं बुडणं हे दुसऱ्या तालुक्याचं पाणी असतं. मी पुलाच्या कठड्याला टेकून ते पाणी बघत होते आणि मला ना धड आनंद होत होता ना धड राग येत होता. दोन्ही खरं होतं.

रोह्याची माणसंही अशीच दूर गेलेली. पांडुरंगशास्त्री आठवले, स्वाध्याय परिवाराचे दादा, 1920 मध्ये इथे जन्मले. आणि चिंतामणराव देशमुख. जन्म 1896, महाडजवळच्या नाते गावचा, पण देशमुखांचं घराणं रोह्याचं. 1918 मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. 1944 ला ब्रेटन वुड्सच्या परिषदेत, जिथे जागतिक बँक आणि नाणेनिधीचा आराखडा ठरला, तिथे भारताच्या शिष्टमंडळात. 1950 पासून देशाचे अर्थमंत्री, आणि 1952 च्या पहिल्या निवडणुकीत खासदार कुठून? कुलाबा मतदारसंघातून. मुंबईतला कुलाबा नव्हे हं! आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता, नाव 1981 मध्ये बदललं.

आणि 1956 मध्ये, मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळं काढून केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, तेव्हा याच माणसाने अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. दिल्लीतली खुर्ची, पुढे वाढायची सगळी संधी, आणि 'नाही' म्हणून बाहेर. महाराष्ट्र झाला तो 1 मे 1960 ला, अनेकांच्या लढ्याने आणि 100 हून अधिक हुतात्म्यांच्या रक्ताने. पण त्या लढ्यात एक 'थांबा' या बाजूच्या माणसाचाही होता.

ग्रामदैवत धावीर महाराजांच्या देवळात जाऊन आले. दसऱ्याच्या उत्सवात या देवाची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुकांसह मानवंदना देतात, ही प्रथा ब्रिटिशांच्या काळापासूनची. गावदेवाला सरकारी सलामी! देवळाबाहेर चहा घेतला. चहावाल्या काकांनी विचारलं, "कुठे चाललात?" मी म्हटलं, रत्नागिरी. "मग इथे कशाला उतरलात?" प्रश्न अगदी प्रामाणिक होता. त्यांनाही सवय झालीय, इथे कोणी मुद्दाम उतरत नाही याची.

खरं तर सात वर्षं सगळे इथेच उतरत होते. 1986 ला रूळ रोह्यापर्यंत आले आणि संपले. 1993 मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा सुरू झाला. 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला. आजही मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि कोकण रेल्वे इथे सुरू होते, पुढे सुमारे 740 किलोमीटर थेट मंगळूरच्या उंबरठ्यापर्यंत. म्हणजे पेण जसं पाणी आणि पाय यांच्या सांध्यावर होतं, तसं रोहा दोन रेल्वेंच्या सांध्यावर. फरक एवढाच की आता सांधा जाणवत नाही. गाडी बदलावी लागत नाही, बैल बदलावे लागत नाहीत. बऱ्याच गाड्या तर इथे थांबतही नाहीत.

शेवटचं

प्लॅटफॉर्मवर बसून आईला फोन केला.

"दिलास कागद?"

"नाही."

"का गं? मामा काही बोलला का?"

"नाही, मामा काही नाही बोलला. मीच नाही दिला. आई, तू ती जमीन बघितलीयस?"

आई गप्प. मग म्हणाली, "लहानपणी. बांधावरून चालताना आजी हात धरायची. म्हणायची, एका बाजूला पडलीस तर भात, दुसऱ्या बाजूला पडलीस तर मासे."

"आता दोन्ही बाजूंना सारखंच आहे," मी म्हटलं.

आमच्या मराठीत 'थांबा' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं. एक एसटीचा थांबा, जिथे आपण उतरतो. आणि दुसरा, हात वर करून सांगितलेला, 'थांबा!' या पट्ट्यातल्या माणसांनी समुद्राला तो सांगितला, सावकाराला सांगितला, सेझला सांगितला. कधी समोरचा थांबला, कधी नाही. पण सांगायला आधी तिथे उभं असावं लागतं. गाडीच्या खिडकीतून कोणाला 'थांबा' म्हणता येत नाही.

माझ्या आईच्या घरातून तिथे उभं राहायला गेली कित्येक वर्षं कोणी गेलंच नव्हतं. मामा एकटा होता. खांड पडली तेव्हा पहिल्या वर्षी सगळ्या वारसांनी मिळून चार पैसे आणि चार दिवस दिले असते, तर? माहीत नाही. उशीर झालाय, हे मामाचं म्हणणं कदाचित खरंच असेल. मी काही त्याला शहाणपण शिकवायला गेले नव्हते आणि तसा मला हक्कही नाही. भात त्याने लावलंय, मी नाही.

आई शेवटी म्हणाली, "गणपती झाले की जाऊन येऊ. कदाचित विकूच. पण न बघता नाही विकायची."

मामाला तसं कळवलं. तो म्हणाला, "ये घेऊन ताईला. जिताडा आणून ठेवतो." रागावला नाही. मला वाटतं, त्याला बरंच वाटलं.

गाडी आली, थोडी उशिरा, पावसाळी वेळापत्रकाप्रमाणे सावकाश. कागद अजून माझ्या पिशवीतच आहे.

तर मंडळी, तुमच्याकडे एक विनंती. पुढच्या वेळी कोकणात जाल तेव्हा तुमच्या वाटेवरच्या अशा एखाद्या स्टेशनवर, ज्याचं नाव तुम्ही फक्त पाटीवर वाचलंय, तिथे एक गाडी सोडा. चहा घ्या. नदी कुठून येते ते विचारा. आणि तुमच्या आजीचं, पणजीचं माहेर त्याच वाटेवर असेल तर बांधापर्यंत जा. फोटो काढा, पण आधी बघा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, थांबत थांबत जा.